इंदुरातलं घर, त्याची कागदपत्रं आणि संपत्तिकरातली सूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर. या वस्त्यांतल्या मराठी घरांत एक चित्र वारंवार दिसतं. घर वडिलांनी नोकरीतल्या पैशांतून बांधलेलं, आई तिथे राहते, मुलं पुण्यात किंवा बंगळुरूत. टॅक्सची पावती अजून वडिलांच्या नावावर येते आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. आमच्याही घरी हेच झालं. नऊ वर्षं आम्ही कोणीही नाव बदलायचा अर्ज केला नाही आणि आईला मिळू शकणाऱ्या सवलतीची चौकशीही केली नाही. ते निस्तरताना जे शिकलो, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे.

घराची नोंद नेमकी कुठे असते?

एका जागी नसते, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. घर विकत घेतल्याचा किंवा बक्षीस मिळाल्याचा दस्त पंजीयन (नोंदणी) कार्यालयात असतो. त्यालाच आपण रजिस्ट्री म्हणतो. जमिनीची नोंद महसूल खात्यात असते: खसरा, खतौनी, नकाशा. ती पटवारी आणि तहसीलदार सांभाळतात. तिसरी नोंद निगमाच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या, संपत्तिकर खात्यात. तिथे घराचं बांधकाम, मजले, वापर आणि कर भरणाऱ्याचं नाव असतं.

एका ठिकाणी नाव बदललं की बाकी दोन ठिकाणी आपोआप बदलेल, असं धरून चालू नका. प्रत्येक ठिकाणी स्वतः पाहा. नाव नसेल तर अर्ज करा.

पुण्यातला भाऊ सातबारा मागतो आहे. इंदुरात तो कुठे मिळतो?

सातबारा हा महाराष्ट्र-गुजरातचा कागद. मध्य प्रदेशात त्याच्या जागी खसरा, आणि आठ-अच्या जागी ढोबळमानाने खतौनी, म्हणजे बी-१. तलाठी म्हणजे इथला पटवारी. फेरफार म्हणजे नामांतरण. खरेदीखताला रजिस्ट्री, बक्षीसपत्राला दानपत्र, रेडी रेकनरला कलेक्टर गाइडलाइन आणि घरपट्टीला संपत्तिकर म्हणतात. हे शब्द भावाला एकदा लिहून पाठवा, फोनवरची निम्मी वादावादी थांबेल.

खसरा ऑनलाइन कसा पाहायचा?

एमपी भूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तहसील, गाव आणि खसरा नंबर भरून. शहरातल्या घरालाही इथे गावाचं नाव लागतं, आणि बरेच जण इथेच अडकतात. तुमच्या रजिस्ट्रीत 'ग्राम' अमुक, 'पटवारी हलका' अमुक असं लिहिलेलं असतं. शहर वाढत गेलं, कॉलनी झाली, पण महसुली दप्तरात जमीन अजून त्याच गावाची आहे. २०१४ मध्ये २९ गावं निगमाच्या हद्दीत आली. तिथल्या घरांच्या बाबतीत हे जास्तच जाणवतं. म्हणून कॉलनीच्या नावाने शोधू नका, रजिस्ट्री उघडून गावाचं नाव पाहा.

बघण्यापुरती माहिती मोकळी असते. कुठे सादर करायची असेल तर प्रमाणित प्रत शुल्क भरून घ्यावी लागते.

खसऱ्यात आमचं नावच नाही. कॉलनी कापणाऱ्याचं किंवा गृहनिर्माण संस्थेचं नाव दिसतं. घर आमचं नाही का?

एवढ्यावरून तसं ठरत नाही. शेतजमिनीचं डायवर्शन, म्हणजे महाराष्ट्रातलं एनए, करून भूखंड पाडले जातात, पण महसुली नोंद कित्येकदा मूळ मालकाच्या किंवा संस्थेच्याच नावावर राहते. प्रत्येक भूखंडधारकाचं नाव तिथे चढलेलं असतंच असं नाही. तुमचा हक्क तुमच्या नोंदणीकृत दस्तातून येतो.

तरीही हे सोडून देऊ नका. इंदुरात गृहनिर्माण संस्थांच्या जमिनींचे घोटाळे किती झाले आणि किती सभासद वर्षानुवर्षं भूखंडासाठी हेलपाटे घालत राहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. जमीन अजून जुन्या नावावर दिसते म्हणून ती पुन्हा विकायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून तहसिलीत नामांतरणाचा अर्ज करा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १०९ आणि ११० खाली हे काम होतं. विकत घेतलेल्या, वाद नसलेल्या आणि संपूर्ण खसऱ्याच्या व्यवहारांसाठी ऑनलाइन चालणारी सायबर तहसील आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून ती राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत लागू आहे. तिथे नामांतरणासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

घर इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथले बरेच भूखंड लीजवर दिलेले आहेत. लीजची मुदत, लीज रेंट भरलं आहे का, आणि फ्री-होल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं, करून घेतलं आहे का, ते प्राधिकरणाकडे तपासा. जुन्या शहरात नजूल, म्हणजे सरकारी मालकीची, जमीन असेल तर नजूल शाखेत चौकशी करावी लागते.

रजिस्ट्री हरवली आहे. प्रत मिळेल का?

मिळेल. मध्य प्रदेशात २०१५ पासून संपदा प्रणालीवर ई-रजिस्ट्री होते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये संपदा २.० सुरू झालं. त्यामुळे गेल्या दहा वर्षांतले दस्त ऑनलाइन शोधता येतात. त्याआधीचा दस्त असेल तर पंजीयन कार्यालयात अर्ज, शोध शुल्क आणि थोडा धीर लागतो. दस्त क्रमांक आणि तारीख माहीत असेल तर काम लवकर होतं. ही माहिती नसेल तर बँकेच्या जुन्या कर्जाच्या फायलीत, शेजाऱ्याच्या रजिस्ट्रीच्या चतुःसीमेत किंवा निगमाच्या जुन्या नामांतरण आदेशात ती सापडू शकते. आमच्या घराचा दस्त क्रमांक वडिलांच्या गृहकर्जाच्या मंजुरीपत्रावर मिळाला.

म्हणजे कोणीही माझ्या घराची रजिस्ट्री काढून पाहू शकतो?

हो. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ कोणालाही शुल्क भरून पाहता येतं. काहींना हे खटकतं. मला ते आपल्या फायद्याचं वाटतं. घर घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही, ते यामुळेच.

मृत्युपत्राचं मात्र तसं नाही. नोंदणीकृत मृत्युपत्राची प्रत ते करणारा हयात असेपर्यंत फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते.

घर घेण्याआधी किती मागचं तपासायचं?

वकील तेरा वर्षांचा किंवा तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, करतात. हे आकडे मुदत अधिनियम १९६३ मधून आले आहेत. खासगी माणसाचा ताब्याचा दावा साधारण बारा वर्षांत मुदतबाह्य होतो, सरकारचा तीस वर्षांत. घर घेणार असाल तर तीस वर्षांचाच सर्च करा, पैसे वाचवू नका. बँकेचा बोजा आहे का, ते सेरसाई या केंद्रीय नोंदणीत थोड्या शुल्कात दिसतं. कॉलनी नवी असेल तर रेरामध्ये, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे, प्रकल्पाची नोंदणी पाहा. आणि विकणाऱ्याकडून संपत्तिकर, पाणीकर आणि डायवर्शनचा महसूल थकलेला नसल्याच्या पावत्या मागा. डायवर्शनचा महसूल तहसिलीत भरायचा असतो. त्याचा संपत्तिकराशी संबंध नाही आणि तो भरायचा असतो हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं.

टॅक्सची पावती माझ्या नावावर आहे. मग घर माझं झालं ना?

नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापायी सख्ख्या भावंडांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. संपत्तिकराचं खातं हे कर वसुलीसाठी असतं. महसुली नामांतरणाचंही तेच. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की नामांतरणाच्या नोंदीने मालकी हक्क मिळत नाही. ती नोंद आर्थिक कामापुरती असते.

याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. पावती मोठ्या भावाच्या नावावर आहे म्हणून धाकट्या बहिणीचा हिस्सा जात नाही.

स्टॅम्पवर लिखापढी आणि पॉवर ऑफ अटर्नी करून प्लॉट घेतला आहे. चालतं का?

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की विक्री करार, पॉवर ऑफ अटर्नी आणि मृत्युपत्र एकत्र जोडून केलेल्या व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही. विकणारा हयात आहे आणि भेटतो आहे, तोवर रजिस्ट्री करून घ्या. तो गेला की त्याच्या प्रत्येक वारसाच्या दारात जावं लागेल.

आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतले कागद निघाले. उपयोग आहे का?

आहे, विशेषतः जुनी इंदूर, कृष्णपुरा, मल्हारगंज भागातल्या घरांसाठी. होळकरांचं राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. त्याआधीचे कागद काही घरांत अजून आहेत. पहिली विनंती: त्यांना लॅमिनेशन करू नका. जुना कागद त्याने कायमचा बिघडतो. नीट फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, शके १८६० म्हणजे इसवी सन १९३८. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाचे शेवटचे, म्हणजे जानेवारी ते फाल्गुनातले महिने असतील तर दोन्हींत एका वर्षाचा फरक पडतो. या कागदांनी आजची मालकी लगेच सिद्ध होईल असं नाही, पण मालकीची साखळी जोडताना त्यांचं मोल मोठं असतं.

संपत्तिकर कसा ठरतो?

नगरपालिक निगम अधिनियम १९५६ प्रमाणे घराचं वार्षिक भाडे मूल्य काढतात आणि त्यावर ठरलेल्या टक्क्याने कर लागतो. भाडे मूल्य म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारं भाडं नव्हे. शहर दरांच्या परिक्षेत्रांत विभागलेलं आहे. तुमचं परिक्षेत्र, बांधकामाचा प्रकार, निवासी की व्यावसायिक वापर आणि क्षेत्रफळ यांवरून ते निघतं.

पद्धत स्वनिर्धारणाची आहे, म्हणजे माहिती आपणच भरायची. म्हणून खरी भरा. दुसरा मजला चढवला आणि सांगितलं नाही, दुकान काढलं आणि निवासी लिहिलं, तर तपासणीत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाल्यावर फरकाच्या पाच पट शास्ती लागू शकते.

आम्ही स्वतःच्या घरात राहतो. सूट किती?

संपत्तिकरात ५० टक्के. सामान्य घरमालकासाठी सर्वांत मोठी सवलत हीच. समजण्यापुरतं उदाहरण: वार्षिक भाडे मूल्य ४०,००० रुपये आणि कराचा दर १० टक्के धरला, तर कर ४,००० रुपये होतो. मालक स्वतः राहत असेल तर २,०००.

दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या खात्यात वापर 'स्वयं निवास' असा लिहिलेला आहे का. कधीकाळी भाडेकरू होता, तो गेला, पण नोंद 'किराये पर' अशीच राहिली, असं बऱ्याच घरांत होतं आणि दरवर्षी दुप्पट कर भरला जातो. बिलाच्या शेवटच्या आकड्यापाशी न थांबता वापराचा रकाना वाचा. दुसरं, चालू वर्षाचा कर ३१ मार्चच्या आत भरा. वर्ष उलटलं की ही सूट हातची जाते. मार्च महिन्यात 'एक एप्रिलपासून टॅक्स दुप्पट' अशा बातम्या येतात, त्यांचा अर्थ हाच.

खाली आम्ही राहतो, वरचा मजला कोचिंगच्या मुलांना दिला आहे.

भंवरकुआंच्या आसपास हे घरोघरी आहे. तुम्ही राहता तेवढ्या भागाला निम्मा कर, भाड्याच्या भागाला पूर्ण. विवरणात दोन्ही भाग वेगळे दाखवा. संपूर्ण घर स्वयं निवास दाखवणं म्हणजे वर सांगितलेल्या शास्तीला आमंत्रण. आणि संपूर्ण घर भाड्याचं म्हणून नोंदलं गेलं असेल तर तुम्ही विनाकारण जास्त भरत आहात.

आई विधवा आहे. तिला कर माफ असतो ना?

सरसकट नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे सगळे ते गृहीत धरतात. कायद्यातली सूट विधवा, अल्पवयीन मुलं आणि शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमावू न शकणारी माणसं यांच्यासाठी आहे, पण अट अशी की त्या घराचं भाडं हेच त्यांच्या उदरनिर्वाहाचं मुख्य साधन असलं पाहिजे. तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. आईला फॅमिली पेन्शन असेल तर ही सूट बहुधा लागू होणार नाही. पण ती स्वतः त्या घरात राहते म्हणून ५० टक्क्यांवर तिचा हक्क आहे.

पेन्शन नाही आणि वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं, अशा स्त्रिया आपल्या ओळखीतच असतात. त्या स्वतःहून मागायला जात नाहीत. तुमच्या शेजारी अशा काकू असतील तर त्यांच्याबरोबर निगमाच्या झोन कार्यालयात जा.

दृष्टिहीन व्यक्ती आणि परित्यक्ता स्त्रियांसाठीही कायद्यात वेगळी तरतूद आहे.

माझे सासरे सैन्यातून निवृत्त झाले आहेत.

स्वातंत्र्यसैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना हयातीत सूट आहे, पण ते आयकर भरण्यापासून मुक्त असतील तरच. सेवापुस्तिका किंवा निवृत्तीचा आदेश आणि आयकराची स्थिती दाखवणारा कागद जोडा.

घर महू छावणीच्या हद्दीत असेल तर हे नियम लागू नाहीत. तिथे कर छावणी परिषद घेते.

सूट मंजूर झाली, तरी बिल आलं. का?

कारण सूट फक्त संपत्तिकरात असते. त्याच बिलावर समेकित कर, शिक्षा उपकर आणि नगरीय विकास उपकर असतात. पाणीकर आणि कचरा शुल्क आणखी वेगळं. प्रत्येक ओळ वेगळी वाचा.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतचं घर करमुक्त आहे. इथे?

तो निर्णय २०२२ मध्ये मुंबईपुरता झाला. इंदूरला लागू नाही. इथे क्षेत्रफळावर माफी नसून वार्षिक भाडे मूल्य कायद्यातल्या मर्यादेच्या आत असेल तर संपत्तिकर लागत नाही. त्यासाठी शहरातल्या तुमच्या सगळ्या मालमत्तांचं मूल्य एकत्र धरलं जातं.

थकबाकी फार वाढली आहे. काही मार्ग?

नॅशनल लोक अदालतीची वाट पाहा, साधारण वर्षातून चारदा होते. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने दिलेली सवलत अशी आहे: कर आणि अधिभार (उशिराबद्दलची जादा आकारणी) मिळून ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर अधिभार १०० टक्के माफ. ५०,००० ते १ लाखापर्यंत ५० टक्के. १ लाखाच्या वर २५ टक्के. मूळ कर माफ होत नाही. दर वेळी त्या अदालतीचा आदेश वाचूनच जा.

वडील गेले, मृत्युपत्र नाही. नाव कोणाचं चढेल?

हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि आजी (वडिलांची आई) हयात असेल तर आजी, या सगळ्यांचा समान हिस्सा. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या बहिणीचाही. सगळ्यांची नावं चढवावीत हे सरळ. सगळ्यांना ते आईच्या एकटीच्या नावावर करायचं असेल तर बाकीच्यांनी हक्कत्याग पत्र करावं, आणि ते नोंदणीकृतच हवं. नोटरीचं ना-हरकत पत्र निगमात चालून जाईलही, पण त्याने हिस्सा सुटत नाही.

मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या पाहा. नोंदणी केलेलं नसलं तरी ते वैध असतं, आणि इंदुरात प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून ते प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही.

घर पत्नीच्या नावावर घेतलं तर फायदा?

राज्यात २०२१ पासून स्त्रीच्या नावे रजिस्ट्री असेल तर नोंदणी शुल्कात २ टक्क्यांची सवलत मिळते. पैशांपलीकडे बघायचं तर संसारातल्या स्त्रीच्या नावावर घर असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आईला पाहून वाटतं.

भरलेला संपत्तिकर आयकरात वजा होतो का?

भाड्याने दिलेल्या घराच्या भाड्यातून होतो, त्याच वर्षी प्रत्यक्ष भरला असेल तर. स्वतः राहत्या घराचा होत नाही.

मी पुण्यात आहे आणि फक्त चार दिवस येणार आहे. काय घेऊन जाऊ?

वडिलांचा मृत्यू दाखला, रजिस्ट्रीची प्रत, सगळ्या वारसांची आधार कार्डं, वारसांची यादी असलेलं शपथपत्र, असेल तर मृत्युपत्र किंवा हक्कत्याग पत्र, मागच्या वर्षाची संपत्तिकर पावती आणि चालू वीजबिल. पावतीवर खाते क्रमांक, वॉर्ड आणि झोन असतो. शहरात ८५ वॉर्ड आहेत, चुकीच्या झोनमध्ये गेलात तर अर्धा दिवस जातो. पहिल्या दिवशी झोन कार्यालय, दुसऱ्या दिवशी मोती तबेल्याचं कलेक्टर कार्यालय असं ठेवा. दोन्हीकडे अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. मध्य प्रदेशात लोकसेवा हमी कायदा २०१० पासून आहे. त्यात येणाऱ्या सेवांची मुदत ठरलेली असते, आणि मुदत उलटल्यावर अपील करताना तो शिक्काच कामी येतो. मुदतीत काही हाललं नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ च्या संकेतस्थळावर पुण्यातूनही तक्रार नोंदवता येते.

आणि जाताना आईला बरोबर न्या. खातं तिच्या नावावर होणार असेल तर तिची सही लागेलच. त्याशिवाय, बिलातली कोणती ओळ कशाची, ते तिलाही समजलेलं असू द्या. पुढच्या मार्चमध्ये पावती तिच्या हातात पडणार आहे.